टूर नाकारली, पण टूरचं वेळापत्रक कशाला?

पत्राचा सारांश: सांगलीच्या एक वाचक, वय ४९, बँकेत नोकरी. काही वर्षांपूर्वी नवऱ्यासोबत युरोपची टूर केली. त्यातलं बरंचसं बसच्या खिडकीतूनच पाहिलं. आता सप्टेंबरमध्ये पहिल्यांदाच एकटीने जायचं आहे, हातात आठ रात्री. देश निवडलाय स्लोव्हेनिया, कारण "छोटा आहे, एकटीला झेपेल". यादी तयार आहे: राजधानी ल्युब्ल्याना, ब्लेड आणि बोहिन्य हे तलाव, पोस्तोयना आणि श्कोत्स्यानच्या गुहा, सोचा नदीचं खोरं, समुद्रकाठचं पिरान, शिवाय एक दिवस इटलीतलं व्हेनिस आणि एक दिवस क्रोएशियातलं झाग्रेब. नवऱ्याचं म्हणणं, जायचंच तर ड्रायव्हरसकट गाडी ठरव आणि दर दोन तासांनी फोन कर. जाऊबाई सांगतात, एकट्या बाईला व्हिसा देत नाहीत. मैत्रिणीचा सल्ला, आठ दिवसांचं खाणं इथूनच ने. वाचक शाकाहारी आहेत, केकमधलं अंडं चालतं. त्यांचा प्रश्न: "मी सुरक्षित राहीन ना? आणि एवढं सगळं आठ दिवसांत बसवायचं कसं?"

ताई,

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. काळजी पहिल्याची दिसते, पण अडचण दुसऱ्यात आहे. तुमची यादी पुन्हा एकदा वाचा. आठ रात्रींत नऊ ठिकाणं आणि तीन देश, म्हणजे हा टूर कंपनीचाच कार्यक्रम झाला. फरक इतकाच की तिथे बस तुमची वाट बघत थांबत होती. इथे बस चुकली तर पुढची कधी, हे तुम्हालाच शोधायचं आहे. टूर नको म्हणालात ते बरोबर केलंत, आता तिचं वेळापत्रकही सोडून द्या.

देश छोटा आहे हे खरं. क्षेत्रफळ सुमारे २० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे सांगली, सातारा, कोल्हापूर हे तीन जिल्हे एकत्र केले तर त्याहून लहान. वस्ती जेमतेम २१ लाख. पण छोटा म्हणजे झटपट, हे गणित डोंगराळ देशात चुकतं. अर्ध्याहून जास्त भूभाग जंगलाखाली आहे आणि बहुतेक बसमार्ग ल्युब्ल्यानातून फुटतात. ब्लेडहून पिरानला जायचं तर आधी ल्युब्ल्यानाला परत यावं लागतं. बोहिन्य आणि सोचाचं खोरं नकाशावर अगदी शेजारी दिसतात, पण मधे ज्युलियन आल्प्सचा डोंगर आडवा आहे. ल्युब्ल्यानाहून व्हेनिस बसने एका बाजूने साडेतीन ते चार तास. त्या "एका दिवसा"तले सात-आठ तास बसमध्येच जातील आणि व्हेनिसमध्ये तुम्ही सगळा वेळ घड्याळ बघत फिराल.

म्हणून व्हेनिस आणि झाग्रेब दोन्ही काढून टाका. व्हेनिस पाहायचंच असेल तर परतीचं विमान तिथून घ्या आणि शेवटची एक रात्र तिथे राहा. दोन गुहांपैकी एक निवडा. पिरान की सोचा, हेही ठरवा. मग उरतं ते असं: तीन रात्री ल्युब्ल्याना, तीन ब्लेड, दोन पिरान. पिरान नको असेल तर शेवटच्या दोन रात्री पुन्हा ल्युब्ल्याना. एकट्या माणसाला मुक्काम बदलण्याची किंमत जास्त पडते. बॅग सांभाळायला दुसरं कोणी नसतं, प्रसाधनगृहात जायचं तरी ती सोबत न्यावी लागते. म्हणून तीनपेक्षा जास्त मुक्काम नकोतच. आणि बॅग अशी असावी, जी तुम्ही एकट्या दोन जिने चढवू शकाल. जुन्या शहरातल्या बऱ्याच घरांना लिफ्ट नाही, आणि पिरानच्या दगडी गल्ल्यांत चाकं नुसती खडखडतात.

मुक्काम ब्लेडला की बोहिन्यला, हा प्रश्न तुम्हाला पडेलच. बोहिन्य अधिक शांत आणि, माझ्या मते, अधिक सुंदर आहे. तरीही पहिल्या खेपेला ब्लेडला राहा. ल्युब्ल्यानाहून ब्लेडची बस दिवसभर साधारण तासा-तासाला असते आणि सव्वा ते दीड तासात पोचते. बोहिन्य तिथून आणखी चाळीसेक मिनिटांवर, दिवसभरात सहज जाऊन येण्यासारखं. संध्याकाळनंतर मात्र बोहिन्यकडच्या बस विरळ होतात, जेवणाच्या जागाही कमी, आणि पहिल्यांदा एकटीने फिरणाऱ्या व्यक्तीला ती शांतता अंगावर येऊ शकते.

खोली ठरवताना नावांत फसगत होते. बोहिन्स्का बिस्त्रित्सा हे गाव तलावाकाठी नाही, तलाव तिथून सहा किलोमीटर. काठावर राहायचं तर रिब्चेव लाझ. "लेस्त्से-ब्लेड" हे रेल्वे स्टेशन ब्लेडच्या तलावापासून चार किलोमीटर, तर "ब्लेड येझेरो" हे दुसरं स्टेशन तलावाच्या पश्चिमेला चढावर आणि वेगळ्याच मार्गावर. त्यामुळे ल्युब्ल्यानाहून ब्लेडला रेल्वेपेक्षा बस सोयीची, ती गावातच सोडते.

आता वेळापत्रकाबद्दल जरा सविस्तर, कारण एकट्या प्रवाशाचा घोळ चोरीमुळे क्वचित होतो, शेवटच्या बसमुळे हमखास होतो. स्लोव्हेनियात बसचं वेळापत्रक सोमवार ते शुक्रवार वेगळं, शनिवारी वेगळं, रविवारी आणि सुटीच्या दिवशी त्याहून वेगळं. काही गाड्या फक्त शाळा चालू असतानाच धावतात. म्हणून वेळ शोधताना आधी तारीख टाका. आदल्या दिवशी कोणी सांगितलेली वेळ धरून चालू नका. जाण्याच्या बसपेक्षा येण्याची शेवटची बस आधी बघा, आणि तिच्या आधीची बस हीच आपली, असं समजून चाला. थांब्यावरच्या फलकाचा फोटो काढून ठेवा. फलकावर "ओदहोदी" म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, "पेरोन" म्हणजे फलाट, "नेदेल्या" म्हणजे रविवार. ल्युब्ल्यानात बसस्थानक आणि रेल्वे स्टेशन शेजारी-शेजारी आहेत, पण त्या भागात अलीकडे मोठं बांधकाम चालू आहे. तेव्हा वीस मिनिटं आधी पोचा आणि फलाट विचारून घ्या.

रविवारचं आणखी एक. २०२१ पासून तिथली मोठी दुकानं कायद्याने रविवारी बंद असतात. मर्काटोर, श्पार, लिडल, सगळीच. पेट्रोल पंप, स्टेशन, विमानतळ इथली दुकानं उघडी सापडतात. उपाहारगृहांना हा नियम नाही. विमान रविवारी उतरत असेल तर पहिल्या संध्याकाळचं खाणं हातात असू द्या. औषधांची दुकानंही शनिवारी दुपारनंतर बहुतेक बंद. मोठ्या शहरात आळीपाळीने एखादं उघडं असतं. तुमच्या रोजच्या गोळ्या पूर्ण दिवसांच्या, अधिक चार दिवसांच्या जास्त, मूळ वेष्टनात आणि औषधाचं मूळ नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह केबिन बॅगेत ठेवा.

सुरक्षिततेबद्दल. जागतिक शांतता निर्देशांकात स्लोव्हेनिया गेली काही वर्षं पहिल्या दहाच्या आसपास आहे. ल्युब्ल्यानाच्या नदीकाठी रात्री दहाला एकटी बाई कॉफी पीत बसलेली असते आणि कोणी मान वळवून बघत नाही. स्टेशनचा परिसर आणि गर्दीची बस इथे पर्स सांभाळायची ती कुठेही सांभाळावीच लागते. खरा धोका वेगळ्या ठिकाणी आहे: डोंगरात, एकटीने, दुपारी उशिरा. आल्प्समध्ये सकाळ निरभ्र असते आणि दुपारी दोन-तीनला वीज कडाडते, असं वारंवार होतं. चढण सकाळी आठ-नऊला सुरू करा आणि दोनच्या आत खाली या. तिथल्या पायवाटांवर दगडांवर, झाडांवर लाल वर्तुळात पांढरा ठिपका रंगवलेला असतो. दहा-पंधरा मिनिटं तो दिसला नाही तर पुढे जाऊ नका, शेवटचा दिसला होता तिथवर मागे फिरा. २८६४ मीटरचं त्रिग्लाव्ह शिखर एकटीने करायचा विचारही नको. ते वाटाड्यासोबतच. सप्टेंबरच्या मध्यात सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, पण जंगलात त्याआधीच अंधारतं.

आणि गोचीड. याबद्दल प्रवासी सहसा ऐकतच नाहीत. स्लोव्हेनियाच्या गवतात, झुडपांत गोचिडी असतात आणि त्यांच्यामुळे लाइम आजार आणि एक प्रकारचा मेंदूज्वर होऊ शकतो. रानवाटेवर पूर्ण लांबीची पँट, मोज्यात खोचलेली. वाट सोडून गवतात बसायचं नाही. संध्याकाळी अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला तपासून घ्यायचं. आढळलीच तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. तेल, रॉकेल, काडी असले उपाय करू नका. नंतर ताप आला किंवा लाल वर्तुळ पसरलं तर डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांगा, सांगलीला परतल्यावरसुद्धा. आपल्याकडे हा आजार फारसा कोणाच्या डोक्यात येत नाही. आपत्कालीन क्रमांक ११२, पोलीस ११३. ल्युब्ल्यानात भारतीय दूतावास आहे, त्याचा नंबर फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे ठेवा.

गाडी-ड्रायव्हरची सूचना काळजीपोटी आली आहे हे कळतं, पण आठ दिवस एका अनोळखी माणसाच्या वेळेशी बांधून घेण्यात एकटीने जाण्याचा अर्थच उरत नाही, आणि खर्च प्रचंड. त्याऐवजी, पिरान सोडून सोचा निवडलीत तर, एकच दिवस वेगळा ठेवा. ल्युब्ल्यानाहून सोचा खोऱ्याच्या छोट्या गटाच्या दिवसभराच्या सहली निघतात, आठ-दहा माणसांच्या मिनीबसमधून. १६११ मीटरचा वर्शिच घाट, त्याची पन्नास वळणं, हिरव्यानिळ्या पाण्याची सोचा, हे सगळं स्वतःच्या हिमतीवर बसने जमवणं अवघड आहे. उन्हाळ्यापुरती बस असते, ती चुकली की दिवस गेला. हा एक दिवस पैसे देऊन सोपा करा. तीन-चार दिवस एकटं जेवल्यावर चार माणसांत बसावंसंही वाटतं. म्हणून ही सहल पहिल्या दिवशी नको, मध्यावर ठेवा.

इटलीत पाऊल टाकायची हौस असेल तर एक सुंदर पळवाट आहे. ब्लेड येझेरो स्टेशनवरून नोव्हा गोरित्साची गाडी पकडा. हा मार्ग १९०६ साली सुरू झाला. बोहिन्यनंतर गाडी सहा किलोमीटरहून लांब बोगद्यातून डोंगर पार करते आणि सोचाच्या काठाने खाली उतरते. शेवटी सोल्कानचा दगडी पूल लागतो. त्याची ८५ मीटरची कमान ही रेल्वे पुलांमधली जगातली सर्वांत मोठी दगडी कमान. नोव्हा गोरित्सा स्टेशनसमोरचा चौक अर्धा स्लोव्हेनियात आणि अर्धा इटलीत आहे. चालत जा, तिकडे कॉफी प्या, परत या. पासपोर्ट मात्र जवळ हवा: शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) सीमा खुली असली तरी ऑक्टोबर २०२३ पासून इटलीने या सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केली आहे. या मार्गावर अधूनमधून दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवून बदली बस देतात, तेव्हा आदल्या दिवशी रेल्वेच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

गुहांपैकी कुठली? गुडघे कुरकुरत असतील तर पोस्तोयना. आत छोटी विजेची गाडी नेते, चालणं बेताचं, एकूण दीड तास. श्कोत्स्यान हे १९८६ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. तिथे जमिनीखालच्या दरीवरून, खाली घोंघावणाऱ्या नदीच्या वर बांधलेल्या पुलावरून जावं लागतं, आणि पायऱ्या शेकड्याने. दिवाचा स्टेशनवर उतरून पुढे तीनेक किलोमीटर. पायांवर विश्वास असेल तर निःसंशय श्कोत्स्यान. दोन्हीकडे आत बारमाही दहा-बारा अंश तापमान, त्यामुळे बाहेर ऊन असलं तरी जाकीट हवं. ब्लेडजवळच्या विंटगार घळीचं तिकीट ऑनलाइन आणि ठरावीक वेळेचं असतं. वाट एकेरी आहे, आल्या मार्गाने परतता येत नाही, म्हणून परतीच्या चालण्याचा तासभर वेगळा धरा.

खाण्याचं मैत्रिणीला सांगा की आठ दिवसांचं ओझं नको. भडंग, चिवडा, तुपाशिवायचे दशमी-ठेपले दोन-तीन दिवसांपुरते चालतील. पण युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणि मांस आणायला प्रवाशांना बंदी आहे. पेढे, बर्फी, तूप, श्रीखंड विमानतळावर काढून घेऊ शकतात, दंडही होऊ शकतो. तिथे काय मिळेल? चिजाचे श्त्रुक्ली (पिठाची गुंडाळी, उकडलेली किंवा भाजलेली, त्यात अंडं असतं), मशरूम घातलेली आयदोवा काशा म्हणजे कुट्टूच्या दाण्यांची खिचडी, चिजाचा बुरेक (पातळ पापुद्र्यांची भरलेली पेस्ट्री), पिझ्झा सगळीकडे, आणि ब्लेडची प्रसिद्ध क्रेमश्निता (क्रीमचा केक). सावध राहायचं ते सूप आणि कडधान्यात. योता आणि रिचेत नावाला भाजी-धान्याचे, पण त्यात बहुधा धुरावलेलं डुकराचं मांस असतं. झ्गांत्सीवर (पिठाच्या घट्ट उकडीवर) चरबीचे कुरकुरीत तुकडे घालतात. भाजीच्या सुपातही मांसाचं पाणी असू शकतं. "ब्रेझ मेसा" म्हणजे मांसाशिवाय, एवढं म्हणून थांबू नका. सूप कशात शिजवलंय हेही विचारा. शहरातले तरुण इंग्रजी सफाईने बोलतात, खेड्यातल्या वयस्कांशी थोडं हातवारे करून जमतं. दुपारी "मालित्सा" किंवा दिवसाचं जेवण मागा: आठवड्याच्या दिवशी सूप, मुख्य पदार्थ, कोशिंबीर ठरावीक आणि स्वस्त दरात. मुख्य जेवण दुपारी आटोपलंत की रात्री एकटीने मोठ्या टेबलाशी बसायचा संकोचही उरत नाही. नळाचं पाणी बिनधास्त प्या.

पैशांचं थोडक्यात. आपल्या बँकेच्या कार्डावर परदेशी वापर मुळात बंद असतो, तो ॲपमधून इथूनच चालू करा (तुम्ही बँकेतल्या, तुम्हाला हे काय सांगायचं!). दोन वेगवेगळी कार्डं, दोन वेगवेगळ्या जागी. यंत्राने "रुपयांत की युरोत?" विचारलं तर नेहमी युरो, रुपयांतला दर महागात पडतो. दीडशे-दोनशे युरो रोख ठेवा, ब्लेडच्या बेटावर नेणाऱ्या होडीला आणि डोंगरातल्या खाण्या-राहण्याच्या झोपड्यांना ते लागतात. राहण्याच्या बिलात प्रत्येक रात्रीचा दोन-तीन युरोचा पर्यटन कर वेगळा निघतो, ती फसवणूक नव्हे. घरमालक पासपोर्टची नोंद करतो, तेही नियमानुसार. आणि बँकेचे ओटीपी येतात तो भारतीय नंबर रोमिंगवर चालू राहील, याची खात्री करून मगच निघा.

दर दोन तासांनी फोन हे दोघांनाही जाचेल. बोगद्यात किंवा गुहेत नेटवर्क गेलं की घरी रडारड. सप्टेंबरमध्ये स्लोव्हेनिया आपल्या साडेतीन तास मागे असतं. तिथले सकाळचे आठ म्हणजे सांगलीत साडेअकरा, तिथले संध्याकाळचे सहा म्हणजे रात्रीचे साडेनऊ. या दोन वेळा ठरवून घ्या. सकाळच्या निरोपात आज कुठे जाणार आणि कुठल्या बसने परतणार, एवढं लिहा. नवऱ्याला मुक्कामांचे पत्ते, फोन आणि विम्याचा क्रमांक लिहिलेला एक कागद द्या. तुमचा फोन हरवला तर तोच उपयोगी पडेल.

राहिला व्हिसा. एकट्या बाईला मिळत नाही, असा नियम कुठेही नाही आणि सज्ञान स्त्रीला नवऱ्याचं संमतिपत्र लागत नाही. अर्ज नाकारतात तो कागद एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून: बुकिंग सहा रात्रींचं आणि प्रवास आठ रात्रींचा, किंवा खात्यात अर्जाच्या तोंडावर अचानक आलेली मोठी रक्कम. तुमची कायमची नोकरी, मंजूर रजेचं पत्र, पगाराच्या पावत्या, आयकर विवरणपत्रं ही तुमची जमेची बाजू. सोबतच्या पत्रात दिवसवार साधा कार्यक्रम लिहा. तिथेही छाटलेली यादीच बरी दिसते. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री, त्याच देशाकडे अर्ज करायचा, म्हणजे स्लोव्हेनियाकडे. "अमक्या देशाची वेळ लवकर मिळते" म्हणून तिकडून व्हिसा काढणं अंगाशी येऊ शकतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. शुल्क जून २०२४ पासून ९० युरो, शिवाय अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवाआकार. विमा किमान ३० हजार युरोचा, आणि रक्तदाब-मधुमेह असेल तर जुने आजार त्यात धरलेत का ते वाचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध हवा आणि दहा वर्षांच्या आत दिलेला. राहण्याचं बुकिंग रद्द करता येणारं घ्या. विमानाचे पैसे शक्यतो व्हिसानंतर भरा.

भारतातून ल्युब्ल्यानाला थेट विमान नाही. इस्तंबूलमार्गे गेलात तर शेंगेनची तपासणी ल्युब्ल्यानात, फ्रँकफुर्टमार्गे गेलात तर फ्रँकफुर्टला. ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी प्रवेशनोंद सुरू झाली आहे, तिला वेळ लागतो. म्हणून फ्रँकफुर्टसारख्या ठिकाणी दुसऱ्या विमानापर्यंत तीन तास तरी ठेवा. परतीचं तिकीट, राहण्याची बुकिंगं आणि विमा यांच्या छापील प्रती हातात असू द्या. ल्युब्ल्यानाचा विमानतळ शहरापासून २५ किलोमीटरवर आहे आणि रात्री उशिरा बस नसते. दुपारी उतरणारं विमान चार हजार रुपयांनी महाग असलं तरी तेच घ्या. जमलंच नाही तर सामायिक गाडीतली जागा इथूनच आरक्षित करा.

सप्टेंबरला जायचं तर मार्च-एप्रिलमध्ये कागद जमवायला घ्या. पहिलं काम पासपोर्टची तारीख बघण्याचं.